लॅपटॉपचें कोठार बदलतांना

घरांतील एखादी वस्तु मंदावली म्हणजे ती टाकून देण्याची घाई आपल्या मागील पिढीस कधींच नव्हती. भांड्यास कल्हई होई, छत्रीस नवी काडी बसे, गादीचा कापूस पिंजून पुन्हां भरला जाई. लॅपटॉप हें यंत्र मात्र आपल्या घरीं आलें तेंच मुळीं ‘जुनें झालें, आतां नवें घ्या’ हा मंत्र बरोबर घेऊन. पांचसात वर्षें लोटलीं, सुरू होण्यास वेळ लागूं लागला, कीं दुकानदार मान हालवितो आणि आपणही निमूटपणें नव्याच्या किंमती विचारूं लागतों. वास्तविक अशा पुष्कळ यंत्रांचा मेंदु शाबूत असतो. पडदा, कळफलक सर्व ठाकठीक असतें. मंद झालेलें असतें तें फक्त त्यांचें कोठार. हें कोठार बदलतां येतें, तें बदलणें फारसें अवघड नाहीं, आणि तरीही त्यांत एके ठिकाणीं फसगत होण्याचा संभव असतो. ती फसगत आमच्या घरीं झाली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमचा लॅपटॉप २०१६ सालचा. कन्येच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठीं घेतलेला. पुढें ती नोकरीनिमित्त परगांवीं गेली तेव्हां तो आम्हां उभयतांच्या वांट्यास आला. विजेचें बिल, बँकेचीं कामें, आप्तेष्टांचे फोटो आणि कधींमधीं थोडें लेखन, एवढेंच त्याला काम. गेल्या वर्षीं त्याची अवस्था अशी झाली कीं, सकाळीं कळ दाबावी, चहाचें आधण ठेवावें, चहा होऊन पिऊनही व्हावा, तरी पडद्यावरील चक्र आपलें फिरतच असावें. एका दुकानांत नेला. तेथील गृहस्थांनीं तो उघडूनही न पाहतां सांगितलें, “काका, ह्याच्यांत आतां कांहीं राहिलें नाहीं.”

परंतु त्याच्यांत पुष्कळ कांहीं राहिलें होतें. घरांतील मुंजी, लग्नें, बारशीं ह्यांचे फोटो होते. आणि त्याहून मोलाचें म्हणजे, माझ्या मातोश्रींच्या आवाजांत २०१७ सालीं मुद्रित करून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आज मातोश्री हयात नाहींत. त्या ओव्या कोणत्याही पुस्तकांत छापलेल्या नाहींत. कांहीं त्यांच्या आईच्या, कांहीं स्वतःच्या.

दोष कोणाचा?

सुटींत माझा भाचा आला. तो संगणकाच्याच व्यवसायांत आहे. त्यानें विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ नांवाचें पान उघडून दाखविलें. त्यांत प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदु, जेमतेम दहा टक्के कामांत होता, आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर जाऊन बसली होती. “मामा, मेंदु रिकामा बसला आहे. कोठारांतून सामान येईल तेव्हां तो काम करणार!” हीच परीक्षा प्रत्येकानें आधीं करून पाहावी. डिस्कचा आंकडा सतत शंभराजवळ आणि प्रोसेसर स्वस्थ, असें दिसलें तर नवें यंत्र घेण्याचें कारण बहुधा नसतें.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणकाच्या पोटांत स्मरणाच्या दोन जागा असतात, आणि बोलतांना आपण दोहोंनाही ‘मेमरी’ म्हणतों. पैकीं रॅम हा स्वयंपाकघरांतील ओटा. चालू स्वयंपाकास लागणारें सामान त्यावर मांडलेलें असतें, आणि वीज गेली कीं ओटा रिकामा होतो. हार्ड डिस्क हें घराचें कोठार. वीज असो वा नसो, तेथें ठेवलेलें तेथेंच राहतें. ओटा लहान असला म्हणजे त्यावरचें सामान वारंवार कोठारांत नेऊन ठेवावें लागतें व दुसरें आणावें लागतें. म्हणून ज्या लॅपटॉपांत रॅम अवघी ४ गिगाबाइट आणि कोठारही मंद, त्याची अवस्था दुहेरी वाईट होते.

कोठार मंद कां असतें, हें त्याच्या रचनेवरून कळेल. हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या गरगर फिरत असतात, आणि एक बारीकशी भुजा त्यांच्यावरून पुढें-मागें सरकत अक्षरें वाचते. वाचणारें टोंक चकतीला टेकत नाहीं; कांहीं नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारों पटींनीं कमी, इतक्या अंतरावरून तें तरंगत जातें. लॅपटॉपमधील सामान्य डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो मजकूर टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद लागतात. भुजा योग्य जागीं सरकण्यास आणखी दहा-बारा. एकूण सतरा धरूं. यंत्र सुरू होतांना इतस्ततः पसरलेले हजारों लहानलहान तुकडे गोळा करावे लागतात. असे दहा हजार तुकडे आणावयाचे झाले तर नुसत्या येरझाऱ्यांतच पावणेतीन मिनिटांहून अधिक वेळ गेला! हेंच काम एस.एस.डी. नांवाच्या नव्या कोठारांत एका तुकड्यास साधारण एक-दशांश मिलिसेकंदांत होतें. दहा हजारांस एक सेकंद. मेंदु तोच, ओटा तोच. फरक पडला तो येरझाऱ्यांचा.

एका टनापासून एका चिपेपर्यंत

जगांतील पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तिच्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, तिचें वजन एका टनाहून अधिक होतें, आणि तींत मावत असत पन्नास लक्ष अक्षरें. आज मोबाइलनें काढलेला एखादा फोटो त्या अवाढव्य कोठारांत कदाचित् मावलाही नसता! पुढें तोशिबा कंपनींतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं ‘फ्लॅश’ स्मृति आणि १९८७ सालीं तिचा ‘नॅण्ड’ हा प्रकार जगापुढें मांडला. एस.एस.डी. ही ह्याच नॅण्ड स्मृतीची बनलेली असते. तींत फिरणारें कांहींच नाहीं. असंख्य सूक्ष्म पेशींत विजेचे कण निरोधक कवचाच्या आंत कोंडून ठेवावयाचे, आणि ते किती कोंडले आहेत ह्यावरून अक्षर ओळखावयाचें, अशी ती युक्ति आहे. म्हणून तिला आवाज नाहीं, हिसका बसला तरी भय थोडें, आणि बॅटरीही बेताची खर्च होते.

पेशींत लिहून-पुसून त्या झिजतात, ही शंका कित्येकांस भेडसावते. ती खोटी नाहीं, पण हिशेब करून पाहावा. १ टेराबाइटच्या पुष्कळ ड्राइव्हांना ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. घरगुती कामांत रोज २० गिगाबाइट लेखन होतें असें उदार हातानें धरलें, तरी हा सांठा संपण्यास ३० हजार दिवस, म्हणजे ८२ वर्षें लागतील. त्याच्या पुष्कळ आधीं लॅपटॉपच निवृत्त होईल.

माप घेऊन खरेदी

बांगड्या भरण्यापूर्वीं हाताचें माप पाहावें लागतें, तसें येथेंही आहे. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडीच इंची, सात किंवा साडेनऊ मिलिमीटर जाडीची ‘सॅटा’ जोडणीची डिस्क असते. तिच्या जागीं त्याच मापाची सॅटा एस.एस.डी. बसते. नव्या लॅपटॉपांत ‘एम.२’ नांवाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी ड्राइव्ह असते. तिच्यावर २२८० असा आंकडा असला तर ती २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब आहे असें समजावें. पण ह्या एम.२ पट्ट्याही दोन जातींच्या असतात, सॅटा आणि एन.व्ही.एम.ई.; दिसावयास सारख्या, परंतु एकीच्या जागीं दुसरी चालेलच असें नाहीं. कांहीं अगदीं पातळ लॅपटॉपांत तर कोठार मुख्य पट्टीवर डांक देऊन कायमचें जोडलेलें असतें. तेथें बदलण्याचा प्रश्नच उरत नाहीं. म्हणून यंत्राचा नमुना-क्रमांक पाहून त्याच्या निर्मात्याची माहितीपुस्तिका आधीं वाचावी, मगच पैसे मोजावे.

वेगाच्या आंकड्यांनींही दिपून जाऊं नये. हार्ड डिस्क सलग वाचतांना सेकंदाला सुमारें १०० मेगाबाइट देते, सॅटा एस.एस.डी. सुमारें ५५०, एन.व्ही.एम.ई. ३५०० किंवा त्याहूनही पुष्कळ अधिक. परंतु पत्रव्यवहार, वाचन, फोटो पाहणें अशा कामांत पहिलीवरून दुसरीवर आल्याचा आनंद जेवढा जाणवतो, तेवढा दुसरीवरून तिसरीवर गेल्याचा जाणवत नाहीं.

आणखी एक. १ टेराबाइटची ड्राइव्ह विंडोजमध्यें ९३१ गिगाबाइट दिसते, आणि दुकानदारानें मापांत मारलें असें वाटतें. तसें नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीनें. धान्य तेंच, पायली निराळी.

आधीं प्रत, मग स्क्रू

आतां फसगतीची हकीकत. ड्राइव्ह आली, स्क्रू-ड्रायव्हर आला, आणि मी उत्साहानें लॅपटॉप पालथा घातला. भाच्यानें विचारलें, “मामा, आंतल्या वस्तूंची प्रत कोठें आहे?” मीं अभिमानानें कपाटांतून पेनड्राइव्ह काढला. त्यावर माझ्याच अक्षरांत ‘आईच्या ओव्या व फोटो’ अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. चार वर्षांपूर्वीं मीं स्वतः ती प्रत केली होती. त्यानें पुन्हां विचारलें, “ही तुम्हीं कधीं उघडून पाहिली होती का?”

पाहिली नव्हती. त्यानें आपल्या यंत्रास तो पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर सर्व नांवें ओळीनें दिसलीं. माझा जीव भांड्यांत पडला. परंतु एकेका नांवापुढें आकार होता अवघा एक-दोन किलोबाइट. उघडूं गेल्यास कांहींच उघडेना. मीं उचलून नेलें होतें तें ओव्यांचें मुद्रण नव्हे, तर त्याकडे वाट दाखविणारे ‘शॉर्टकट’! वाड्याची चित्रें न्यावयाचीं त्याऐवजीं दारावरची पाटी काढून नेली, असा तो प्रकार झाला. चार वर्षें मी त्या पाटीच्या भरंवशावर निश्चिंत झोंपत होतों.

मग प्रत करावयास बसलों तों डिस्कच अडखळूं लागली. ती मंद झाली होती ती केवळ जातीनें नव्हे. तिचे कांहीं भाग निकामी होऊं लागले होते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नांवाच्या व्यवस्थेनें स्वतःच ठेवते, आणि ती नोंद आम्हीं कोणीं कधीं पाहिली नव्हती. फोटो सुखरूप उतरले. ओव्यांच्या सात मुद्रणांपैकीं चार उतरलीं, तीन उतरेनात. भाच्यानें डिस्क काढून आपल्या यंत्रास जोडली आणि ‘डी-डी-रेस्क्यू’ नांवाचें एक मोफत साधन तिच्यावर लाविलें. जें धड आहे तें आधीं उतरून घ्यावें, आणि अडखळणाऱ्या जागीं मागाहून पुन्हां पुन्हां जाऊन पाहावें, अशी त्याची रीत. रात्रभर तें काम चाललें. सकाळपर्यंत दोन मुद्रणें पूर्ण मिळालीं. तिसऱ्यांत मध्येंच चाळीस सेकंद निःशब्द आहेत.

आपल्या घरांत प्रत ह्या वस्तूचें मोल कोणीं सांगावयास नको. पोथी जीर्ण होऊं लागली कीं तिची नकल करून घेण्याचा प्रघात कित्येक पिढ्या चालला, म्हणून तर आज ग्रंथसंग्रहांत पोथ्या आहेत. पण नकल करणें हें अर्धें काम. ताडून पाहणें हें उरलेलें अर्धें. वेदपठणाच्या परंपरेनें हें जितकें ओळखलें तितकें क्वचितच कोणीं ओळखलें असेल. संहितापाठ आहे, मग पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ कशाला? क्रमपाठांत प्रत्येक पद पुढच्याशीं जोडून म्हणावयाचें. जटापाठांत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हां सुलट. एक पद निसटलें किंवा जागा चुकलें तर लगेच कानास कळतें. संगणकशास्त्रांतही हेंच तत्त्व आहे. एखाद्या फायलीवर ‘शा-२५६’ ही गणिती क्रिया केली असतां ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो. फायलींतील एकही अक्षर बदललें तर तो अगदींच निराळा होतो. मूळ आणि प्रत ह्यांचे ठसे जुळले, तर प्रत शुद्ध. एवढें न जमलें तरी प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडावी, आकार ताडावा, निदान पांचदहा फोटो व एखादें मुद्रण आरंभापासून शेवटपर्यंत पाहावें-ऐकावें. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे.

प्रती किती असाव्या? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं प्रचारांत आणलेला नियम सोपा आहे: एकूण प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. ह्या शेवटच्या अटीचें कारण पुणेकरांस तरी समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या घरांतून ट्रंका, पोथ्या, फोटो सर्व एकदमच गेलें. एकाच कपाटांत ठेवलेल्या तीन प्रती पुरापुढें एकाच प्रतीइतक्या असतात.

प्रत्यक्ष बदल

हें सर्व झाल्यावर प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचें निघालें. यंत्र पूर्ण बंद करून विजेची तार काढावी. अंगांतील स्थिर वीज निघून जावी म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूस हात लावावा. स्क्रू काढतांना कागदावर यंत्राच्या पाठीचें चित्र काढून ज्या त्या जागीं चिकटपट्टीनें लावून ठेवावे. कांहीं लांब असतात, कांहीं आंखूड, आणि आंखुडाच्या जागीं लांब पिळला तर आंतील पट्टीस इजा होते. झांकण उघडतांच पहिलें काम बॅटरीची जोडणी सोडविण्याचें. मग जुनी डिस्क सरळ मागें सरकवून काढावी, तिची धातूची चौकट नव्या ड्राइव्हला लावावी, आणि ती अलगद सरकवून बसवावी. एम.२ पट्टी असल्यास ती तिरपी घालून मग खालीं दाबतात आणि टोंकाशीं एक बारीक स्क्रू लावतात. कोठेंही जोर लावूं नये. जेथें जोर लागतो तेथें बहुधा आपलेंच चुकत असतें.

नव्या कोठारांत संसार थाटण्याचे मार्ग दोन. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नकल, ज्यासाठीं ‘क्लोनझिला’सारखीं मोफत साधनें आहेत, किंवा कोरी मांडणी करून फक्त आपला मजकूर आंत आणणें. यंत्रास ‘बिटलॉकर’चें कुलूप असेल तर त्याची ४८ आंकड्यांची किल्ली कामास हात घालण्यापूर्वींच कागदावर उतरून घ्यावी. आम्हीं दुसरा मार्ग पत्करला, त्याला कारण होतें. विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ च्या अटींत २०१६ चें आमचें यंत्र बसत नाहीं. म्हणून त्यावर ‘लिनक्स मिंट’ ही मोफत प्रणाली घातली. बँक, पत्रव्यवहार, देवनागरी लेखन सर्व तींत होतें. मात्र ज्यांचें एखादें विशिष्ट काम केवळ विंडोजवरच चालतें, त्यांनीं ह्याचा आधीं विचार करावा. कोठार नवें केल्यानें यंत्राचें सर्वच वय कमी होत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आतां आमचा लॅपटॉप अर्ध्या मिनिटांत सुरू होतो, आणि चहा आम्ही निवांतपणें पितों.

जुन्या डिस्कचें काय?

आमची जुनी डिस्क आजारी होती. तशी नसेल, तर यू.एस.बी. डबींत घालून ती प्रती ठेवण्यास उत्तम. उलट एस.एस.डी. मात्र कपाटांत वर्षानुवर्षें वीज न देतां ठेवूं नये. कोंडलेले विजेचे कण हळूहळू निसटूं शकतात. तसेंच एस.एस.डी. पुष्कळदां पूर्वसूचना न देतां एकाएकीं मिटते, आणि पुसलेलें तिच्यांतून परत मिळणें हार्ड डिस्कपेक्षां कठीण असतें. म्हणजे कोठार वेगवान् झाल्यानें प्रतीची गरज कमी झाली नाहीं, वाढलीच.

डिस्क देऊन टाकावयाची असेल तर नुसतें ‘डिलीट’ पुरे नाहीं. त्यानें ग्रंथालयाच्या सूचींतील कार्ड फाटतें. ग्रंथ फळीवरच असतो. संपूर्ण डिस्कवर एकदां दुसरें कांहीं लिहून ती पुसावी, आणि मग रद्दीवाल्यास न देतां नोंदणीकृत ई-कचरा केंद्रांत द्यावी. त्यासंबंधींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

ओव्यांच्या आतां तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आपल्या कपाटांत, एक कन्येच्या घरीं. दर गुढीपाडव्यास तिन्ही उघडून ऐकावयाच्या असा नेम ठेवला आहे. यंदा त्या सदोष मुद्रणाशीं आलों तेव्हां चाळीस सेकंद कोणीच बोललें नाहीं. मग माझी धाकटी बहीण म्हणाली, “दादा, ही ओवी मला येते.” तिनें ती म्हटली, मातोश्रींच्याच चालीवर. ती आम्हीं निराळी मुद्रित करून घेतली, आणि लगेच उघडून ऐकली.